‘ऑक्सिजन सिलिंडर’ आणि पाण्याने भरलेली खाण

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाण्याने भरलेल्या खाणीत कोणी अडकले, किंवा हौसेने उतरलेला पाणबुड्या परत आलाच नाही, की बातमीत एक वाक्य ठरलेले असते : ‘पाणबुडे ऑक्सिजन सिलिंडर लावून आत उतरले.’ शेवट वाईट झाला असेल तर जोडीला दुसरे वाक्य येते : ‘ऑक्सिजन संपल्याने मृत्यू.’ दोन्ही वाक्ये चुकीची आहेत. नुसता शब्द चुकला असता तर पत्र लिहायचे कारण नव्हते. पण पाठीवर ऑक्सिजन असला की पाण्याखाली हवे तितके खोल जाता येते आणि संपत आला की वर यायचे, असा समज या शब्दातून पसरतो. खाणीत या समजाचे दोन्ही भाग जिवावर बेततात.

आधी टाकीतल्या मालाबद्दल. स्कूबाच्या टाकीत गाळलेली, कोरडी केलेली साधी हवा असते, साधारण २०० बार दाबाने भरलेली (एक बार म्हणजे जवळपास समुद्रसपाटीवरचा हवेचा दाब). तिच्यात २१ टक्के ऑक्सिजन आणि बाकी जवळपास सगळा नायट्रोजन. शुद्ध ऑक्सिजन घेऊन ६ मीटरच्या खाली जाणे म्हणजे विष घेऊन जाणे. पाण्यात दर १० मीटरला दाब एक बारने वाढतो (खाणीतले पाणी बहुधा गोडे, म्हणून काटेकोर हिशेबात १०.२ मीटर). ६ मीटरवर एकूण दाब १.६ बार होतो आणि ऑक्सिजनचा दाब, म्हणजे एकूण दाबातला त्याचा हिस्सा, त्यापलीकडे गेला की मेंदूवर परिणाम होऊन आकडी येऊ शकते, तीही बहुतेकदा पूर्वसूचना न देता. जमिनीवर आकडी आलेला माणूस सावरतो. पाण्याखाली त्याच्या तोंडातला रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा देणारे तोंडात धरायचे उपकरण, सुटतो आणि तो बुडतो. म्हणून हातपाय हलवत पोहताना १.४ आणि स्थिर थांबून राहताना १.६ बार ही मर्यादा पाळतात. ३२ टक्के ऑक्सिजनचे मिश्रण, म्हणजे ‘नायट्रॉक्स’, याच हिशेबाने साधारण ३३ मीटरपर्यंतच चालते. ऑक्सिजनची खरी टाकी असते, पण ती वर येताना अंगात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडावा म्हणून घ्यायच्या थांब्यांपैकी ६ मीटरवरच्या शेवटच्या थांब्यासाठी आणि बाहेर आल्यावर प्रथमोपचारासाठी. अशा टाकीवर तिची कमाल खोली हातभर अंतरावरून वाचता येईल इतक्या मोठ्या आकड्यांत लिहितात, कारण खोलवर चुकीच्या टाकीचा रेग्युलेटर तोंडात जाणे हे अनुभवी लोकांच्याही मृत्यूचे कारण ठरले आहे. पाणबुडे या सगळ्या मिश्रणांना सरसकट ‘गॅस’ म्हणतात. स्वयंपाकघरातला गॅस डोळ्यांपुढे येऊ न देता पुढचे वाचावे.

आता ‘संपला की वर यायचे’ याबद्दल. समुद्रात काहीही बिघडले तरी डोक्यावर पाणी आणि त्यावर आकाश असते. १८ मीटरवर गॅस संपला तरी श्वास हळूहळू सोडत वर येण्याचा शेवटचा उपाय उरतो आणि तो शिकवलाही जातो. खाणीत डोक्यावर दगड असतो. तिथली बाहेरची वाट वर जात नाही, जिथून आलो तिथे मागे जाते. ती कधी २०० मीटर लांबची, कधी आधी खाली उतरून मग वर चढणारी असते. खाणीतल्या डुबकीचे सगळे नियम या एका गोष्टीतून निघाले आहेत. समुद्रातल्या पाचशे डुबक्यांचा अनुभव तिथे फारसा कामाला येत नाही. उलट तो फाजील धीर देतो.

गॅसचा हिशेब मांडून दाखवतो, कारण तो बातम्यांत कधीच दिसत नाही. शांतपणे पोहणारा माणूस पृष्ठभागावर मिनिटाला साधारण २० लिटर हवा घेतो. ३० मीटरवर दाब ४ बार, म्हणजे तोच श्वास मिनिटाला ८० लिटर खातो. पाठीवर १२ लिटरच्या दोन टाक्या २०० बारला भरलेल्या असल्या, तर एकूण ४,८०० लिटर. गुहा आणि खाणींतला प्रसिद्ध नियम तृतीयांशाचा : एक भाग आत जायला, एक परतायला आणि एक सोबत्यासाठी राखीव. एका भागाचे १,६०० लिटर, म्हणजे २० मिनिटे आत. अगदी टोकाला पोहोचल्यावर सोबत्याचा सगळा गॅस गेला, तर उरलेल्या ३,२०० लिटरवर दोघे मिनिटाला १६० लिटर घेत २० मिनिटांत दारापर्यंत पोहोचतात. कागदावर हिशेब चोख जुळतो, आणि तो इतका चोख जुळतो हीच त्याची मेख आहे. घाबरलेल्या माणसाचा श्वास सहज दुप्पट होतो. मग दोघे मिनिटाला ३२० लिटर ओढतात आणि तोच गॅस १० मिनिटांत, अर्ध्या वाटेवर संपतो. गाळ उठल्याने वेग निम्मा झाला तर त्याआधीच. याऐवजी सहावा हिस्साच आत जायला वापरला (८०० लिटर, १० मिनिटे), तर त्याच प्रसंगी गॅस शिल्लक असलेल्याकडे ४,००० लिटर असतात, घाबरलेल्या श्वासानेही साडेबारा मिनिटे पुरतात आणि वाट १० मिनिटांचीच असते. दाबमुक्तीचे थांबे लागणार असतील तर त्यांचा गॅस यात धरलेला नाही, तो वेगळा.

तृतीयांशाचा नियम फ्लोरिडातल्या झऱ्यांच्या गुहांत रुजला. त्या गुहांत पाणी बाहेरच्या दिशेने वाहते, परतताना प्रवाह पाठीशी असतो. खाणीतले पाणी ढिम्म उभे असते. तो नियम इथे जसाच्या तसा आणणे म्हणजे नदीच्या उतारावर मोजलेला वेग तळ्यात गृहीत धरणे. दोघांच्या टाक्या वेगळ्या आकाराच्या असतील, तर ज्याच्याकडे कमी गॅस त्याचा हिस्सा दोघांना लागू होतो, हेही अनेकदा विसरले जाते.

खाणीत पाणी का भरते, हेही थोडक्यात सांगायला हवे. भूजलपातळीच्या खाली खोदलेली जवळपास प्रत्येक खाण पंपांच्या जोरावर कोरडी असते. धंदा परवडेनासा झाला की पंप बंद होतात आणि काही महिन्यांत किंवा वर्षांत भूजल आपली जागा परत घेते. अमेरिकेच्या मिझुरी राज्यातली बॉन टेअर ही शिशाची खाण १९६२ मध्ये बंद झाली, कॅनडातल्या न्यूफाउंडलंडजवळच्या बेल आयलंडवरची समुद्रतळाखाली गेलेली लोखंडाची खाण १९६६ मध्ये. फिनलंडमधली ओयामो ही चुनखडीची खाण २०० मीटरहून खोल आहे. या खाणींत रूळ, वाघिणी, फावडी, शिड्या जागच्या जागी आहेत आणि पाणी काचेसारखे आहे. उजेड नाही म्हणून शेवाळ नाही, प्रवाह नाही म्हणून गढूळपणा नाही. पाणबुड्यांना खाणी खुणावतात त्या यासाठी.

ही पारदर्शकता फसवी आहे. तळावर दगडाची पिठी पसरलेली असते, छिद्रे पाडताना आणि सुरुंग उडवताना झालेली. टाल्कम पावडरीइतकी बारीक. पायातली एक फिन (पोहण्याचे वल्हे) चुकीची हलली की ढग उठतो आणि प्रवाह नसल्याने तो तासन्‌तास, कधी दिवसभर तिथेच राहतो. त्यात हातातला दिवा मास्कला टेकवला तरी दिसत नाही. तळाची काळजी घेतली तरी छत उरतेच. श्वासाचे बुडबुडे छताला आदळले की गंज, पिठी, दगडाचे पापुद्रे खाली झरतात. पाणी भरल्यापासून तिथे पहिल्यांदाच बुडबुडे पोहोचत असतील, तर जाताना स्वच्छ असलेली वाट परतताना अंधारी होते. म्हणून ‘आत जाताना ३० मीटरपर्यंत दिसत होते’ याला अर्थ नाही. परतीचा हिशेब शून्य दृश्यमानतेवर करायचा. पोहण्याची पद्धतही त्यावरून ठरते. शरीर आडवे, गुडघे वाकवलेले, बेडकासारखी लाथ मागच्या दिशेने. समुद्रात शिकवली जाणारी वरखाली लाथ इथे तळ ढवळते.

यावरचा उपाय म्हणजे उघड्या पाण्यापासून अखंड बांधत नेलेली दोरी. अमेरिकी गुहा-पाणबुडे शेक एक्स्ली यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस गुहांतल्या मृत्यूंची छाननी केली, तेव्हा तीन कारणे पुन्हा पुन्हा पुढे आली : अखंड दोरी नसणे, परतीचा गॅस राखून न ठेवणे आणि टाकीत साधी हवा घेऊन फार खोल जाणे. पुढे त्यात प्रशिक्षणाचा अभाव आणि पुरेसे दिवे नसणे यांची भर पडली. पाचही कारणे आजच्या अपघात-अहवालांत दिसतात. नवे कारण शोधून मरणारे फार थोडे.

दोरी नुसती असून भागत नाही. पहिली गाठ बाहेर, जिथून सरळ वर येता येते अशा ठिकाणी. दुसरी आत शिरताच, पहिली सुटली तरी चालेल म्हणून. पुढे प्रत्येक वळणावर गाठ, आणि वळण असे घ्यायचे की दोरी अरुंद फटीत ओढली जाणार नाही. तसे झाले तर डोळ्यांनी पार केलेली वाट हाताने पार होत नाही : दोरी फटीतून जाते, माणूस जात नाही. फाट्यावर बाणाच्या आकाराचा खुणेचा तुकडा लावतात. त्याचे टोक नेहमी जवळच्या दाराकडे, म्हणजे आंधळेपणानेही बोटाला दिशा कळते. प्रत्येकाची स्वतःची वेगळी खूणही असते, कोण अजून आत आहे ते तिच्यावरून समजते.

खाणीत दोरीला दोन खास शत्रू आहेत, ते गुहेत नसतात. एक म्हणजे गंजलेले लोखंड. रूळ, पाइप, वाघिणीची कड यांवर घासून दोरी तुटते. दुसरा अधिक धूर्त : खाणकामगारांच्या जुन्या केबली, तारा आणि दोरखंड. शून्य दृश्यमानतेत हात चाचपडताना जुनी केबल दोरीसारखीच लागते आणि माणूस तिचा माग काढत खाणीच्या पोटात जातो. म्हणून आपल्या दोरीची जाडी हातमोज्यातून ओळखीची हवी आणि तिच्यावर ठरावीक अंतराने गाठी हव्यात. कापायची साधने दोन, वेगवेगळ्या ठिकाणी लावलेली. त्यांतले एक तार कापणारी कात्री. मांडीला बांधलेला मोठा सुरा सिनेमात शोभतो, इथे तो स्वतःच दोरीत अडकतो.

त्यात खाणीची रचना. खांब सोडून खोदलेल्या खाणीत, म्हणजे ‘रूम अँड पिलर’ पद्धतीत, चारही दिशांना सारखेच खांब आणि सारखीच दालने. डाव्या भिंतीला धरून परत येऊ, ही युक्ती तिथे चालत नाही. एका खांबाभोवती गोल फिरणे होते. गुहेपेक्षा खाणीचा एक फायदा मात्र नक्की आहे, तो म्हणजे नकाशा. खाणकाम मोजणी करूनच चालते, त्यामुळे जुने आराखडे बरेचदा मिळतात. पण आराखड्यावरची तारीख बघावी. खाण बंद पडण्याआधी शेवटचा माल म्हणून खांबच कोरून नेण्याची पद्धत अनेक ठिकाणी होती, आणि त्यानंतर कोसळलेला भाग कोणी नकाशावर काढलेला नसतो.

गाळ उठला तर काय करायचे? प्रत्येकाने दोरीभोवती अंगठा-बोटाचे कडे करायचे, दुसरा हात पुढच्याच्या दंडावर. बोलणे स्पर्शाने : पुढे ढकलले की चला, मागे ओढले की मागे, दाबून धरले की थांबा. दोरीच हरवली तर पहिली गोष्ट म्हणजे पोहणे थांबवणे. हाताशी असेल त्या घट्ट वस्तूला जवळच्या छोट्या फिरकीवरची दोरी बांधायची आणि तिच्या आधाराने एकेका दिशेला चाचपत शोधायचे. मधे पोहत सुटलेला माणूस प्रत्येक सेकंदाला दोरीपासून दूर जात असतो. सोबती हरवला तर आधी आपला दिवा झाकून त्याच्या दिव्याचा उजेड दिसतो का पाहायचे. मग शोधासाठी आपल्याकडे किती गॅस आहे ते मोजायचे, त्याला एक सीमा घालायची आणि ती संपली की बाहेर पडायचे. सर्वांत अवघड नियम हाच आहे, आणि तो न पाळल्याने एकाचे दोन मृत्यू होतात.

दिवे प्रत्येकी किमान तीन. मुख्य दिवा गेला की डुबकी तिथेच संपली. उरलेले दोन दिवे बाहेर पडण्यासाठी असतात, पुढे बघण्यासाठी नव्हे. श्वास घेण्याचा मुख्य रेग्युलेटर सुमारे २ मीटरच्या लांब नळीवर असतो, कारण अरुंद जागेत दोघांना शेजारी शेजारी पोहता येत नाही. गॅस मागणाऱ्याला तोंडातला, चालू असल्याची खात्री असलेला रेग्युलेटर द्यायचा आणि स्वतः गळ्यात अडकवलेला दुसरा घ्यायचा. स्नॉर्कल, म्हणजे पृष्ठभागावर श्वास घ्यायची नळी, बाहेरच ठेवायचा. दोरीत अडकण्यापलीकडे खाणीत त्याचा उपयोग नाही.

छताखाली साचलेल्या हवेच्या पोकळ्यांबद्दल स्वतंत्रपणे लिहावे लागेल, कारण छायाचित्रांत लोक अशा पोकळीत डोके वर काढून हसताना दिसतात. ती हवा ओढू नये. बंद जागेत लोखंड गंजताना, गंधकयुक्त खनिजे झिजताना आणि लाकूड कुजताना ऑक्सिजन खाल्ला जातो. उरतो तो नायट्रोजन, सोबत कार्बन डायऑक्साइड, काही ठिकाणी हायड्रोजन सल्फाइड, कोळशाच्या खाणीत मिथेन. ऑक्सिजन कमी असलेल्या हवेत गुदमरल्यासारखे वाटतच नाही. गुदमरणे जाणवते ते कार्बन डायऑक्साइड वाढल्याने. त्यामुळे माणूस गप्पा मारता मारता बेशुद्ध पडतो. हायड्रोजन सल्फाइडचा कुजक्या अंड्यांचा वास जास्त प्रमाणात नाकच बधिर करतो, म्हणून वास गेला म्हणजे वायू गेला असे नाही. रेग्युलेटर तोंडातच राहील, हा नियम.

छत नैसर्गिक गुहेपेक्षा कमी भरवशाचे. गुहेत पडायचे ते हजारो वर्षांत बहुतेक पडून गेलेले असते. खाणीचा खडक सुरुंगांनी हादरलेला असतो आणि मोकळा होऊन बरेचदा अजून शंभर वर्षेही झालेली नसतात. टेकूची लाकडे पाण्याखाली तुकतुकीत दिसतात, पण त्यांच्यातली ताकद गेलेली असू शकते. पाण्याच्या पातळीजवळची लाकडे आलटून पालटून ओली-कोरडी होत सर्वांत लवकर कुजतात. आणखी एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. पाणी छताला आधार देते. पाण्याच्या अडीचपट घनतेचा खडक पाण्यात बुडाला की त्याचे वजन चाळीस टक्क्यांनी हलके भासते. भरलेल्या खाणीतले पाणी उपसले की हा आधार निघून जातो, आणि भेगांतले पाणी आतून दाबत राहते. पातळी झपाट्याने बदलत असलेल्या खाणीत, उपसा चालू असो वा पाऊस, हौसेची डुबकी मारूच नये.

कोणती खाण मुळात उतरण्याजोगी, हे बरेचसे रसायनशास्त्र ठरवते. पायराइट म्हणजे लोह आणि गंधकाचे खनिज. हवा आणि पाणी मिळाले की त्याचे गंधकाम्ल होते. कॅलिफोर्नियातल्या आयर्न माउंटन खाणीत मोजलेला सामू उणे ३.६ आहे, म्हणजे ती धार पाण्याची म्हणवत नाही. मोंटाना राज्यात ब्यूट इथल्या खाणींचे पंप १९८२ मध्ये थांबले, तिथली बर्कली पिट ही उघडी खाण भरत गेली आणि १९९५ मध्ये त्या पाण्यावर उतरलेले ३४२ हिमहंस मेले. असे पाणी पितळी व्हॉल्व्ह आणि ड्रायसूटची, म्हणजे अंग कोरडे ठेवणाऱ्या पोशाखाची, रबरी सीलही सोडत नाही. उलट चुनखडी, डोलोमाइट अशा खडकांत आम्ल तयार झाले तरी खडकच ते मारतो. बॉन टेअरची खाण शिशाची असूनही पाणी निवळ आहे ते आजूबाजूच्या डोलोमाइटमुळे. अनोळखी खाणीत सामू, धातू आणि, युरेनियमचा भाग असेल तर, रेडॉन हा किरणोत्सर्गी वायू तपासल्याशिवाय ओठ भिजवू नयेत.

थंडीचे थोडक्यात. उत्तर युरोपातल्या खाणींत पाणी वर्षभर ४ ते ८ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. टाकीतून सुटणारा गॅस प्रसरण पावताना गार होतो, रेग्युलेटरच्या पहिल्या टप्प्यात (टाकीला जोडलेल्या भागात) बर्फ धरतो, झडप उघडी अडकते आणि गॅस नुसता वाहत सुटतो. काही मिनिटांत टाकी रिकामी. म्हणून दोन टाक्यांवर दोन स्वतंत्र रेग्युलेटर, मध्ये दोन्ही बाजू तोडणारा व्हॉल्व्ह आणि जाड हातमोज्यांत डोक्यामागे हात नेऊन योग्य तो व्हॉल्व्ह काही सेकंदांत बंद करण्याचा सराव. ड्रायसूटमध्ये हात मागे पोहोचत नसेल तर सूट चुकीचा आहे, उतरू नये.

कोरडा भाग लोक विसरतात. पाण्यापर्यंत पोहोचायला तिरप्या बोगद्यातून किंवा विहिरीसारख्या उभ्या शाफ्टमधून उतरावे लागते, अंगावर ४० किलोच्या घरात ओझे. डोक्यावर हेल्मेट आणि हातात ऑक्सिजन, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन सल्फाइड व ज्वालाग्राही वायू मोजणारा मीटर याच भागासाठी असतो. परतीचा चढ तर अधिक घातक. खोलवरून आल्यावर अंगात विरघळलेला नायट्रोजन अजून बाहेर पडत असतो. त्या वेळी टाक्या पाठीवर घेऊन शिड्या चढल्या तर त्याचे बुडबुडे होऊन ‘बेंड्स’ या पाणबुड्यांच्या आजाराची शक्यता वाढते. टाक्या पाण्यातच काढाव्यात, दुसऱ्यांनी दोराने ओढाव्यात, पाणबुड्याने अर्धा तास तरी स्वस्थ बसावे. खाण समुद्रसपाटीपासून ३०० मीटरहून उंचावर असेल, तर थांब्यांचे तक्तेही त्या उंचीप्रमाणे बदलावे लागतात. आणि बाहेर एक माणूस हवाच, ज्याच्या वहीत कोण आत आहे, किती वाजता परतणार आणि बेंड्सवर उपचार करणारे जवळचे रीकंप्रेशन चेंबर (दाबाची खोली) कुठे, हे लिहिलेले आहे.

याचा अर्थ खाणीत कोणी पाऊलच टाकू नये असा नाही. बॉन टेअरला साधे प्रशिक्षण घेतलेले पर्यटकही उतरतात. पण तिथे प्रचंड दालने आहेत, वरून दिवे सोडलेले आहेत, मार्ग ठरलेले आहेत आणि पुढे-मागे वाटाडे असतात. त्या सोयी काढून घेतल्या की तीच डुबकी संपूर्ण गुहा-प्रशिक्षणाची होते. त्या प्रशिक्षणाचा पहिला टप्पा माणसाला दिवसाचा उजेड दिसतो तिथपर्यंतच नेतो, यावरून पुढच्या टप्प्यांची कल्पना यावी.

शेवटी बचावकार्याबद्दल, कारण वृत्तपत्रांचा संबंध बहुधा तिथेच येतो. ‘पाणबुडे लगेच आत का गेले नाहीत?’ हा प्रश्न दरवेळी संतापाने विचारला जातो. मेघालयात क्सान इथल्या कोळशाच्या खाणीत १३ डिसेंबर २०१८ रोजी पाणी घुसून १५ जण अडकले. तिथे शंभर मीटरहून खोल शाफ्ट, त्याच्या तळाशी कोळशाने काळे झालेले पाणी, आणि जेमतेम माणूस सरपटेल अशी बिळे, ज्यांचा नकाशा नाही. वर सांगितलेल्या अटींपैकी एकही तिथे पुरी होत नव्हती. नौदलाने पाण्याखाली चालणारे दूरनियंत्रित यंत्र सोडले आणि इतर यंत्रणांनी पंप लावले, ते यामुळे. जुन्या, शांत, मोजलेल्या खाणीतली डुबकी आणि नुकत्याच बुडालेल्या खाणीतला शोध या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचे व्हिडिओ दाखवून दुसरीतल्या जवानांना भित्रे ठरवू नये.

तेव्हा आपल्या वार्ताहरांना एक विनंती. अशा अपघाताची बातमी करताना ‘किती अनुभवी होता’ हे विचारून झाल्यावर आणखी काही विचारावे. टाकीत कोणते मिश्रण होते आणि ते मीटरने तपासले होते का? सापडला तेव्हा टाकीत किती बार उरले होते? दारापासून तो किती मीटर आत आणि किती खोल होता? दोरी दारापर्यंत अखंड होती का, आणि तो तिच्यावर सापडला की तिच्यापासून दूर? किती दिवे होते, किती चालू होते? गुहा किंवा खाणीचे प्रशिक्षण होते का, कोणत्या टप्प्यापर्यंतचे? टाकीत गॅस शिल्लक असताना माणूस मेलेला सापडणे दुर्मीळ नाही, आणि तसे असेल तर ‘ऑक्सिजन संपल्याने’ हे दोन शब्द खरे कारण झाकून टाकतात. ही उत्तरे तपास-अधिकाऱ्याच्या पंचनाम्यात पहिल्याच दिवशी येऊ शकतात, पण उपकरणे जशी सापडली तशी, व्हॉल्व्हला हात न लावता ठेवली तरच. व्हॉल्व्ह किती आटे उघडा होता हे मोजण्याआधी कोणीतरी सद्भावनेने तो बंद करून टाकतो, आणि मग ते कोणालाच कळत नाही.

— एक वाचक